करड्या सावल्यांचा तक्ता

मात्सुमोतो स्टेशनच्या मागच्या गल्लीत
घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला लागून आमचं दुकान.
मालक चुलतसासरे, हिशेब माझा.

बिनआरशाचा तो कॅमेरा पहिल्यांदा आला
तेव्हा त्याच्यासोबत लेन्स दोनच होत्या,
आणि एक छापील तक्ता.
तक्त्यावर आलेल्या लेन्स काळ्या,
यायच्या त्या करड्या, नुसत्या सावल्या,
खाली वर्ष, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत
‘बदल होऊ शकतो.’

तुरी अजून बाजारात,
आणि गिऱ्हाइकं काउंटरवर भांडायची
कुठली आधी हवी म्हणून.

ओगिसोसान भांडले नाहीत.
अठ्ठावीस वर्षं कामिकोचीच्या घाटात बस चालवून
त्याच महिन्यात निवृत्त झाले होते.
म्हणाले, जन्मभर आरशात बघत आलो,
आता आरसा नसलेलंच द्या.
पस्तीसची लेन्स घेतली, तीन कप्प्यांची बॅग घेतली,
आणि एका करड्या आकृतीवर बोट ठेवलं:
तीनशेची, आखूड, हलकी.
‘ही कधी?’
पुढच्या वर्षी, मी म्हटलं. छापलंच होतं तसं.

थंडीत अझुमिनोच्या तळ्यावर
सायबेरियातून हंस उतरतात.
पस्तीसमधून हंस म्हणजे तांदळाचा दाणा.
ओगिसोसान दाणे टिपत राहिले.

मग दर वसंतात नवा तक्ता,
दर तक्त्यात दोन-तीन सावल्यांना अंग फुटायचं.
पंचाऐंशीची आली, जेवण टिपणाऱ्यांची मॅक्रो आली,
आख्खं आभाळ पोटात घेणारी चौदाची आली.
परक्या कंपन्याही आल्या, पितळी कड्यांच्या,
हाताने फिरवायच्या, निम्म्या किमतीच्या.
आधी छत्र्यांचा स्टँड हलवला,
मग माझं स्टूल.
आता एकेचाळीस आहेत आणि मी उभी असते.

मोमोसे नावाची एक नर्स
पन्नासच्या तीन लेन्समध्ये अडकली.
रात्रपाळी संपवून यायची, तिन्ही लावून बघायची,
उद्या सांगते म्हणायची.
रांगणाऱ्या मुलासाठी हवी होती.
घेतली तेव्हा तो दारातून स्वतः चालत आत आला
आणि सरळ शोकेसची काच चाटली.

सहाव्या वसंतातला गठ्ठा मी एकटीच सोडत होते.
तीनशेची नव्हती.
काळी नाही, करडीही नाही.
पंगतीतून कुणी उठून गेलं
की बाकीचे सरकून बसतात,
तशा शेजारच्या दोघी सरकल्या होत्या.
फट दिसू नये इतक्या नीट.
कुठे एक ओळ नाही, माफी नाही.
मुंगीएवढी अक्षरं तेवढी जागेवर.

ओगिसोसान आले. बोट सवयीने त्या जागी गेलं.
तिथे एक झूम उभी होती, पावणेदोन किलोची,
त्यांच्या पेन्शनच्या चार महिन्यांची.
‘हं,’ म्हणाले,
आणि धूळ उडवायचा रबरी फुगा घेऊन गेले.
मी सुट्टे पैसे दोनदा मोजले.

अजून येतात. गेल्या जानेवारीत
बॅगेचा तिसरा कप्पा उघडून दाखवला:
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं भाजलेलं रताळं.
बोटं ऊब धरतात, म्हणाले, आणि माप बरोबर बसतं.
अर्धं मला दिलं.
सोबत एक फोटो. हंस अजून दाण्याएवढेच,
पाणी मात्र फार,
आणि मागे पेन्सिलीने: दोनशे सत्तावीस.
सगळे मोजलेत? विचारलं.
झोपलेले धरून, म्हणाले.

पहिला तक्ता मी टाकला नाही.
काउंटरच्या काचेखाली आहे, कडा पिवळ्या पडल्यात.
परवा एक कॉलेजचा मुलगा, हेल्मेट काखेत,
एकेचाळीस सोडून नेमका त्यावर वाकला.
‘ही करडी कुठली? मिळेल?’

ती गेलेली आहे, मी म्हटलं.
ओगिसोसाननी घेतली.