भिंतीपलीकडचा माग

वडगावात, मागल्या बोळात, माझं ऑफिस आहे.
म्हणजे शिलाई मशीनचं टेबल, मशीन काढलेलं,
पायाखाली अजून तेच लोखंडी पायडल.
मीटिंग लांबली की मी ते हलवत बसतो.
काही शिवलं जात नाही.

सकाळी नऊला पुण्यातली माणसं उगवतात
चौकोनाचौकोनांत.
तिथं मी बीके.
इथं भरमा, आईला भरम्या.
विम्याचे दावे तपासतो:
कुणाचं बोनेट, कुणाचा खुबा,
कुणाचा मोतीबिंदू, डावा की उजवा.
नावाशेजारी हिरवा ठिपका जळत राहिला
की मी आहे.

भिंतीपलीकडे नीलव्वाचा माग.
खटाक खटाक खटाक खटाक.
पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं,
"बीके, बोअर मारतायत का तुमच्याकडे?"
मी म्यूट झालो.
वर्षभर म्यूटच होतो म्हणा ना.
बोलण्यापुरतं उघडायचं, बोललं की झाकायचं,
दुधाच्या पातेल्यासारखं.

मग हेडफोन घेतले, साडेसहा हजारांचे,
मागाचा आवाज खाणारे.
आणि कामच होईना.
कामांच्या याद्या केल्या,
पंचवीस मिनिटांचे गजर लावले,
टेबलाचं तोंड पूर्वेला केलं,
दुपारी तीनला तरी कपाळ टेबलावर.
एका दुपारी चार्जिंग संपलं म्हणून हेडफोन काढले,
तेव्हा कळलं:
तिची कांडी संपते, माग थांबतो,
तेवढ्यात मी पाणी प्यायला उठायचो.
ती सूत जोडते, माग लागतो,
मी येऊन बसायचो.
ठरवलं कुणीच नव्हतं.

लाईट गेली की दोघंही पायरीवर.
माझा राउटर, तिचा माग, एकाच खांबावरचे.
तिचं मराठी कन्नडातून येतं,
माझं कन्नड मराठीतून जातं,
गटारीच्या फरशीवर कुठंतरी दोन्ही भेटतात.
"एष्ट आतु, तम्मा?"
"एकोणीस दावे. तुझं?"
"दीड साडी."
ती जरा विचार करते. केसांत सुताचा कापूस.
"दावं म्हंजे? म्हशीला बांधत्यात ते?"
मी म्हणतो, तसंच काहीतरी.

भाद्रपदात ताप भरला.
आई खानापूरला, मावशीकडं.
लॅपटॉप उशाशी. पांघरुणातून हात काढायचा,
माऊस हलवायचा, ठिपका हिरवा.
दोन दिवस अकरा जणांना वाटलं, मी आहे.
कुणीतरी लिहिलं, छान चाललंय सगळ्यांचं.
मी त्याला अंगठाही दाखवला,
एकशे दोन तापातला.

तिसऱ्या दिवशी कडी वाजली.
माग चालू दिसत नव्हता, लाईट तर होती.
दारात नीलव्वा, तांब्यात जोंधळ्याची आंबील.
"दोन दिस झालं, ऐकू आलं न्हाई."
"काय?"
"ते तुझं. रोजचं.
हॅलो, ऐकू येतंय काय, हॅलो."

मी कॉटवर बसलो.
आंबील गरम होती, लसूण जास्त.

"मला येतंय की," ती म्हणाली,
"रोज येतंय. तेच आलं न्हाई म्हणून बघाय आले."
आणि तांब्या तिथंच ठेवून गेली.
अर्ध्या साडीचं नुकसान, असं काहीतरी पुटपुटत.
थोड्या वेळानं भिंत पुन्हा चालू झाली.

हेडफोन आता भाच्याकडं आहेत.
सोमवारी मी म्यूट न करताच बसलो.
साहेब म्हणाले, "बीके, आवाज कसला?"
"शेजारी काम चालू आहे, सर."

पलीकडं जरा वेळ कुणीच बोललं नाही.
मग कुणाच्या तरी चौकोनातून
कुकरची शिट्टी आली,
इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
मग दुसरी.
तिसरीला मी बोलायला लागलो.