गुरुवारची सूचना

दर गुरुवारी अकरा वाजता
मी विद्यापीठातल्या परदेशी माणसांना
व्हिसाचे नवे नियम कळवते.
पहिलं वाक्य ठरलेलं: 'खालील बदलांची नोंद घ्यावी.'
कोणी घ्यावी, ते वाक्यात नसतं.
सव्वीस वर्षांत मी कर्ता गाळायला शिकले.
अर्ज केला जातो. अर्ज तपासला जातो.
मुदत संपते आपली आपण,
दूध नासावं तशी.

ट्रॉम्सोमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य जातो,
कुणाला विचारत नाही.
जानेवारीत परततो, तेव्हाही नाही.
मधले दोन महिने माझ्या टेबलावरचा दिवा
सकाळी आठपासून पेटलेला
आणि दारात ओल्या बुटांची माणसं:
प्रयोगशाळेत काच फुंकणारा ओस्वाल्दो,
त्याला बायकोच्या जन्मदाखल्यावर आणखी एक शिक्का हवाय;
गणितवाला तेवोद्रोस,
फोटोत किंचित हसला म्हणून त्याचा फोटो परत आला.
'पुन्हा काढा,' मी सांगते, 'न हसता.'
'आता सोपं आहे,' तो म्हणतो.

आयझादा कॉड माशांचे कान वाचते.
कानात खडा असतो, वालाच्या दाण्याएवढा.
कापला की आत वलयं, वर्षाला एक.
मासा कुठल्या पाण्यातून आला, कधी वळला,
थंडी किती सोसली,
सगळं तिथं लिहिलेलं.
'याला म्हणतात कागदपत्रं,' ती एकदा म्हणाली होती.
'खोटी सही करून दाखवा.'
तिच्या देशाला समुद्र नाही.
नारीनला डोंगर आहेत, घोडे आहेत, आई आहे.

डिसेंबरात ती आली, बसली नाही.
जुनं कार्ड संपलेलं, नव्याचा अर्ज आत अडकलेला,
आई दवाखान्यात.
'मी गेले तर?'
मला वाक्य पाठ होतं:
निर्णय प्रलंबित असताना प्रवास शक्यतो टाळावा.
शक्यतो.
या एका शब्दावर मी अर्धी नोकरी काढली.
खुंटीवरच्या कोटासारखा शब्द.
माणूस ऑफिसात आहे की नाही,
कोटावरून कळत नाही.
'जायला कोणी अडवणार नाही,' मी म्हटलं.
ती थांबली.
पुढचं मी बोलले नाही
आणि ते तिनं नीट ऐकलं.

आई भेटली. चार दिवस.

मग कार्ड आलं, तिच्या इथल्या पत्त्यावर.
शेजारच्या ओदबियोर्गनं माझ्याकडे आणून दिलं,
वर तिची पोस्टपेटीची किल्लीही.
कार्ड इथं, आयझादा तिथं.
आत यायला कार्ड लागतं,
कार्ड घ्यायला आत यावं लागतं.
मी तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडे मला
माझीच वाक्यं ऐकवली गेली.

सूर्य परतला त्या दिवशी सगळं गाव
जॅम भरलेल्या गोल पावांसाठी रांगेत.
मी दोन घेतले, आणि का कोण जाणे
माशांच्या प्रयोगशाळेकडे वळले.
खड्यांचे ट्रे ओळीनं, जसेच्या तसे.
वर तिच्या अक्षरात चिठ्ठी:
'हलवू नका. मी मोजते आहे. आयझादा.'
तीन छोटी वाक्यं,
आणि मधल्यात माणूस.

गुरुवारी अकराला मी लिहिलं:
'जावं लागलं, तर आधी मला भेटा.
मला काय माहीत आहे ते सांगेन,
काय माहीत नाही तेही.
सिग्रून, तिसरा मजला, झेरॉक्सच्या शेजारी.'
दुपारी वरून निरोप आला:
मजकुरातून 'मी' वगळण्यात यावा.
खाली सही नव्हती.

खणात तिचं कार्ड आहे, दोन वर्षांच्या मुदतीचं.
शेजारी कागदात गुंडाळलेला पाव.
त्याची मुदत उद्यापर्यंत, फार तर परवा.