वाळवण

रुवीतल्या आमच्या कचेरीमागे एकशे बारा जागा.
प्रत्येकीच्या पोटात बशीएवढा सेन्सर :
गाडी आली की एक, गेली की शून्य.
चौदा महिने हे एक-शून्य मी साठवलं,
सोबत खिडक्यांवरचे टोकन,
कोण किती वेळ बसलं, कोण कंटाळून उठून गेलं,
आणि मॉडेलला म्हटलं, शिक बाबा.

शिकलं.
पण पहिल्यांदा शिकलं ते मी शिकवलंच नव्हतं.
पडद्यावर एक गडद डाग दिवसभर सरकायचा,
नऊला तिसऱ्या रांगेपर्यंत,
अकराला भिंतीशी अंग चोरून,
दोननंतर कोपऱ्यातल्या गाफच्या झाडाखाली, तीन गाड्यांपुरता.
दोन दिवस मी त्यात माझी चूक शोधली.
तिसऱ्या दिवशी डबा घेऊन खाली उतरले
तर डाग पायाखालीच होता.
इमारतीची सावली.

पहारेकरी मोतालेब खूप हसला.
"मॅडम, ये तो मेरी कुर्सी को भी मालूम है."
त्याची प्लास्टिकची खुर्ची सोळा वर्षं
त्याच रेघेवरून सरकते आहे.

मग कामं भराभर झाली.
लोकांना निरोप जाऊ लागले : आत्ता नको, साडेदहाला या,
जागाही मिळेल, खिडकीही.
रांगेतली नऊ मिनिटं कमी झाली.
नऊ मिनिटं म्हणजे काय, ते बाहेर उभं राहिल्याशिवाय
कळत नाही इथल्या जूनमध्ये.

फक्त अठ्ठ्याऐंशी नंबर ऐकेना.
सकाळी साडेसातला, सगळी सावली मोकळी पडलेली असताना
एक गाडी सरळ उन्हात जाऊन उभी राहायची,
दुपारपर्यंत, सेहेचाळीस अंशांत.
रोज नाही. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा.
जुवैना अल-हारसी, आमच्या प्रमुख, म्हणाल्या,
ओळीबाहेरचा ठिपका आहे, काढून टाक.
काढला असता तर अचूकता थोडी वाढली असती.
चार दशांश टक्के. अहवालात बरी दिसली असती.

मी खाली गेले.
पांढरी सनी. काचा बोटभर उघड्या.
मागच्या काचेखाली जुन्या सुती साडीचा तुकडा,
त्यावर ज्वारीच्या बिबड्या, तीळ लावलेल्या,
एकीला एक न चिकटता.
पुढे डॅशबोर्डवर मिरच्या.

सहा नंबरच्या खिडकीतल्या मंदाकिनी खैरनार,
अमळनेरच्या, मस्कतात बावीस वर्षं,
दिवसाला दीडशे अर्ज टाइप करतात, मान वर न करता.
त्या जरा ओशाळल्या.
"गच्ची नाही ना. गॅलरीत पाट जरी ठेवला
तरी बिल्डिंगवाला दाराला चिठ्ठी लावतो."
मग एकदम आवाज बदलून, गावाकडच्या बोलीत :
"आनी इतलं ऊन! वाया कसाले जाऊ देवानं?"

रोज का नाही, तेही कळलं.
समुद्राकडून ओल आली की त्या गाडी सावलीत लावतात.
ओल कशी कळते?
"केसांना कळते," म्हणाल्या.
मी विमानतळावरच्या आर्द्रतेचे आकडे मागवले,
शेजारी ठेवले. केस बरोबर होते.

मॉडेलमध्ये एक रकाना वाढवला. नाव दिलं : वाळवण.
अठ्ठ्याऐंशी नंबर मुकाट्याने जुळला.

सादरीकरणाच्या दिवशी जुवैनांनी बोट ठेवलं
नेमकं त्याच रकान्यावर. हे काय?
मी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं.
पापड या शब्दाशी अरबीत अडखळले.
त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.
"आमच्याकडे लिंबं," म्हणाल्या,
"काळी होईपर्यंत," आणि पुढचा तक्ता मागितला.

रविवारी सकाळी आठला आकडे उघडले.
अठ्ठ्याऐंशी : एक. अपेक्षेप्रमाणे.
सत्त्याऐंशी : एक.
हिला कोण विचारतं उन्हात? मॉडेल म्हणत होतं शून्य.
प्रमुखांसाठी भिंतीलगत राखलेली जागा,
जिथे दिवसभर सावली हलत नाही :
शून्य.

मी दुरुस्ती केली नाही अजून.