मोराची मान

अशोक चौकामागे, आमच्या दोन मागांच्या शेडमध्ये
त्या मंगळवारी मोराची मान मोडली.
चादरीवरच्या.
सात चादरी तशाच उतरल्या,
आठवीला नाना ओरडले, तेलुगूत.
चिडले की त्यांना मराठी सुचत नाही.

श्रीलता स्टॅटिस्टिक्सची, माझी चुलतबहीण.
तिनं जेकार्डच्या पत्त्यांची माळ खाली घेतली
आणि फरशीवर पसरून बसली,
तांदूळ निवडायला बसावं तशी.
पत्त्यांवरचे आकडे कधीच पुसलेले.
तिनं भोकांवरूनच क्रम लावला.
भोक, भोक, कोरं, भोक.
पुटपुटत होती. मला वाटलं जप करतेय.

समोरचा शाकीर बीकॉमचा.
त्यानं एकच विचारलं, "सात नग ना?"
आणि बाहेर जाऊन व्यापाऱ्याला फोन लावला.
दोन दिवस मागितले, तीन मिळवले.

मी मराठीची. तिसरं वर्ष.
चहाचे कप धरून उभी.
आत्या नेहमी म्हणते,
श्रीलता हुशार, शाकीर चलाख,
आणि मग माझ्याकडे बघून, थोडं थांबून,
"हिचं अक्षर छान आहे."

चार वाजता श्रीलता म्हणाली, "सापडलं."
माळ तुटली असणार कधीतरी;
पुन्हा ओवताना चाळीस पत्ते
उलट्या क्रमानं गेलेत.
कुणी ओवले, ते तिनं विचारलं नाही.
तिच्या गणितात तो प्रश्नच नव्हता.

मी वाकून पाहिलं.
दोऱ्याला दुहेरी गाठ, टोक आत दडपलेलं.
आमच्या घरात अशी गाठ एकच माणूस मारतो,
आणि गेल्या दिवाळीपासून तो
चष्म्याचा नंबर काढायला चालढकल करतोय.
नाना मागाच्या दांडीला तेल देत होते,
दिलेल्या जागीच पुन्हा.

मी म्हणाले, "उंदरानं तोडली असेल माळ."

श्रीलतानं मान वर केली.
उंदीर कुरतडतो, ओवत नाही,
एवढं तिला कळत होतं.
माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे,
आणि पेन्सिलनं पहिल्या पत्त्यावर लिहिलं: एक.

सातातली एक चादर माझ्याकडे आहे.
रात्री कधी मीही मोजायला घेते,
तिशीच्या पुढे चुकते.
मोर मात्र मागे वळून
कुणाकडे तरी बघत असतो.