जादा किलोमीटर

कल्पना कैझादच्या विनिपेगच्या मावसबहिणीची.
तिकडे म्हणे माणसं बर्फावरच्या स्कूटर काढतात,
अपंगांच्या शिबिरासाठी,
किलोमीटरमागे एक डॉलर.
कैझादने फोन सगळ्यांपुढे धरला :
पांढऱ्यावर पांढरं, मधून हेल्मेटांची रांग.
"आणि आपण बर्फ कुठून आणायचा?" अन्वरने विचारलं.

म्हणून ससून डॉक.
पहाटे पाचला ट्रकमधून सांडलेला बर्फाचा चुरा
बोंबलांच्या पाण्यात विरत होता.
त्याच्यावरून तेवीस मोटारसायकली निघाल्या,
एक फोटो आणि कोळणींच्या चार शिव्या घेऊन.

चोविसावी माझी स्कूटर.
मागे जास्तीची दोन चाकं,
कुर्ल्याच्या अश्फाकने वेल्डिंग केलेली.
डावा पाय जे करत नाही
ते ती करतात, कुरकुरत.

फॉर्मवर दोन चौकोन होते.
चालक. लाभार्थी.
मी दोन्हींत खूण केली.
टेबलामागच्या मुलाने खोडरबर शोधला.
खूण पेनाची होती.

सामंतबाई म्हणाल्या, किलोमीटरमागे तीन रुपये,
पण मीटरचा फोटो दाखव हं.
ऑफिसातल्या खानोलकरांनी पाच कबूल केले,
मग जेवणाच्या सुट्टीत परत येऊन
हळूच विचारलं, "म्हणजे एकूण कितीपर्यंत जाईल?"
"चाळिसाच्या आतच," मी म्हणाले.
तेव्हा ते खरं होतं.

अंधेरीच्या सिग्नलला एक गृहस्थ काच खाली करून
"जपून हं, ताई."
तेवीस जण पुढे गेले होते,
त्यांतल्या कुणालाच जपायचं नव्हतं.

मार्वेला पोचलो तर तर लागलेली.
चढायला एक फळी.
दोन चाकांपुरती.
बुलेटी एकेक करून वर गेल्या,
मग सगळ्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं,
मग फळीकडे,
मग समुद्राकडे, जणू तो काही सुचवणार होता.

"आम्ही उचलतो की," अन्वर म्हणाला.
"गाडी?"
"नाही, तुम्हाला. गाडी राहील इथेच."

पलीकडे मनोरी.
एवढी जवळ, की धक्क्यावर कुणीतरी
बादली आपटल्याचा आवाज ऐकू आला.
मधे पाच-सात मिनिटांचं पाणी.
नाहीतर मागे फिरायचं,
दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई, सगळी खाडी वळसून.

मी हेल्मेटचा पट्टा परत लावला.

कैझाद बोटीतून काहीतरी ओरडत होता,
इंजिनाच्या धुरात त्याचे नुसते हात दिसत होते.

भाईंदरला पेट्रोल.
उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत होते,
तोंडात तोंड अडकवून, ओळीने,
आणि कॅलिपरचा पट्टा मांडीला लागायला लागला होता.
थांबले. सैल केला. वडापाव खाल्ला.
गाडीवरचा झेंडा फडफडत होता,
तो बघायला तिथे एक म्हैस.
रस्ता चढाचा, रिकामा,
आणि पहिल्यांदाच मी कुणाच्या मागे नव्हते,
कुणासाठी नव्हते.
चढावर चौथ्या वेळी चढता आवाज केला गाडीने,
मी तिला म्हटलं, कर.

शिबिरात ताट झाकून ठेवलं होतं.
भाषणं संपली होती, देव पावला.
पोराटकी नव्हेत, सगळी जाणती माणसं,
दरवर्षी आठ दिवस येतात समुद्राकाठी,
घरच्यांनाही आठ दिवस मिळतात.
प्रभंजन, वय एकोणचाळीस, मान एका खांद्यावर,
व्हीलचेअर सरळ माझ्या स्कूटरला भिडवून थांबला.
पायाबद्दल नाही, चाकांबद्दलही नाही,
एकेक शब्द नीट उचलून ठेवत त्याने विचारलं,
"जास्तीत... जास्त... किती... पळते?"

तिघांनी मिळून त्याला मागे बसवलं.
ओढणीने त्याला माझ्या कमरेशी बांधलं.
त्याची हनुवटी माझ्या पाठीत टोचत होती.
सुरूच्या झाडांना एक फेरी,
मग तो म्हणाला, "परत",
म्हणून दुसरी.

वहीत मी लिहिलं : एक्क्याऐंशी.
सामंतबाईंचे दोनशे त्रेचाळीस.
खानोलकरांना सोमवारी सांगेन, जेवण झाल्यावर.

त्या दोन फेऱ्या धरलेल्या नाहीत.
मीटरचा फोटो मी आधीच काढला होता.