कालवं

ओहोटी लागली की सोमी हिलम
दाभोळच्या खाडीत खडकावर बसते,
कोयत्याच्या टोकानं कालवं फोडते.
वरचं शिंपलं निघतं,
खालचं खडकालाच राहतं.

नाम्याचे डोळे हळदीसारखे, पोट घागरीएवढं.
दापोलीत पहिलाच प्रश्न : दारू किती?
शिवलेली पण नाय, तो म्हणाला.
रत्नागिरीत पुन्हा तेच.
मुंबईत तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो गप्प राहिला,
कागदावर ‘होय’ पडलं.
शेजारच्या खाटेवरचे साहेब हसून म्हणाले होते,
फक्त पार्टीत.
त्यांचं नाव यादीत लागलं.

माझं काळीज घ्या, सोमी म्हणाली.
यकृत म्हणायचं, मॅडमनी सांगितलं,
तुकडा देता येतो, पुन्हा वाढतं,
फक्त तू सख्खी बहीण, याचा कागद आण.

कागद?
तो जन्मला कोळशाच्या भट्टीवर.
नाळ तिनंच पुरली, सात वर्षांची होती,
राखेखाली, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.
रेशनकार्डावर तो हिलम, ती हिलीम.

भरती गुडघ्याला आली.
आज तीन वाटे.
तहसीलचं तिकीट सुटेल,
जायचं.