बद्द आवाज

कॅप्टनने लॉगबुकात लिहिलंय :
'अकरा वाजताच्या दिशेला पाऊस दिसतो. पाऊस नाही.'
एवढंच. खाली सही, वेळ ग्रिनिचची.

मुहर्रकची रात्र. ऑगस्ट.
हँगरचं दार अर्धं उघडं
आणि बाहेरची हवा ओल्या घोंगडीसारखी आत येते,
पाना हातातून सटकतो.
इथे आभाळ वर्षातून चार-आठ दिवस ओघळतं.
बाकीचा पाऊस हवेतच लटकून असतो,
पडत नाही.

आधी वर जाऊन टेस्ट लावली.
पडद्यावर पट्टे उमटले : हिरवा, पिवळा, तांबडा, जांभळा.
यंत्र स्वतःलाच एक थाप मारून बघतं,
थाप नीट जमली म्हणजे तब्येत ठीक.
ठीक होती.
रोडेल म्हणाला, डबा बदलू आणि सुटू.
दोन वाजता त्याची मुलगी तिकडे इलोइलोत
शाळेला निघायची असते.

मी म्हटलं, थांब. नाक वाजवून बघू.

नाक म्हणजे विमानाच्या तोंडावरची टोपी.
काचतंतूंची, आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळ घरं.
लहरींच्या लेखी ती नसल्यातच जमा.
तिच्यामागे ताटाएवढी चपटी ॲन्टेना
डावी-उजवी मान हलवते,
पंगतीत वाढप्याला नको-नको म्हणणाऱ्यासारखी.

खिशातून पन्नास फिल्सचं नाणं काढलं.
टक टक टक. शिडी सरकव. टक टक.
मडकं घेताना आमची मावशी
असंच बोटाच्या पेराने वाजवायची, कान जवळ नेऊन.
भावाचं बोलणं त्यानंतर.
टक टक टक टक
बद्द.

रोडेलने मान वर केली.
मराठी येत नाही त्याला,
पण बद्दला भाषा लागत नाही.

तळहाताएवढी जागा. पेन्सिलीने गोल काढला.
कधीतरी एखाद्या गारेने केसाएवढी चीर पाडली असेल,
तिच्यातून ओल शिरली, पोळ्यात बसून राहिली,
आणि शंभर कोस पुढचं बघायला निघालेली लहर
दारातच आपल्या पाण्याला अडखळली.
म्हणजे पाऊस होताच, कॅप्टनसाहेब.
अकरा वाजताच्याच दिशेला.
तुमच्या बुटांपासून चार हातांवर.

याला धूळ दिसत नाही, हेही सांगून ठेवतो.
शमाल सुटतो, सबंध बेट विटकरी होतं,
मनामाकडचा पूल मधेच संपतो,
आणि पडदा काळा, स्वच्छ, निष्पाप.
ओलं असेल तेवढंच त्याला खरं.
अशी माणसंही पाहिलीत मी. वाईट नसतात.
झाडू मात्र दुसऱ्याला मारावा लागतो.

टोपी उतरवेपर्यंत तीन वाजले.
रोडेलने शिडीवरूनच फोन उरकला.
मग दुसरं काम, दिशेचा रेडिओ. हेडफोन कानाला.
बेटावरचं जुनं ठाणं आपलं नाव सांगत होतं,
तीन अक्षरं, लांब-आखूड टुरटुर,
मधे गप्प, पुन्हा तीच तीन अक्षरं.

हल्ली उपग्रहांच्या खुणांत कुणीतरी खोटं कालवतं.
गेल्या पंधरवड्यात इथेच उभं असलेलं एक विमान
ठासून सांगत होतं, मी बसऱ्यावर आहे.
वर्गीसने खाली जाऊन
चाकांचे ठोकळे दोनदा तपासले.

तेव्हापासून हे ठाणं मी जरा जास्त ऐकतो.
कामाला दहा सेकंद पुरतात.
ते तुम्हाला कुठेही नेत नाही.
मी अमुक, मी इथे, म्हणतं.
तू कुठे, ते तुझं तू काढ.

लॉगबुकात लिहिलं :
'टोपीत पाणी आढळलं. टोपी बदलली.'
जुनी सुकवायला गेली, तिला आठवडा लागेल.

निघताना रोडेलने माझ्याकडून नाणं मागून घेतलं,
माझ्या हेल्मेटवर तीनदा वाजवलं,
कान लावला,
नाणं परत दिलं,
निकाल काही सांगितला नाही.